उपरण्याखालचा हात

चाकणच्या बाजारात भिमाजीचा हात कुणी धरला नाही, असा शनिवार त्याआधी कधी उगवला नव्हता.

साल सत्तावन्न, दिवस गणपतीचे. वखारीत साठवलेला कांदा त्या दिवसांत बाजारात येतो. बबनराव अडत्यांच्या गाळ्यापुढं कांद्याचे ढीग पडले होते आणि ढिगांमागं, ज्यांचा कांदा ते शेतकरी उकिडवे बसले होते. भिमाजी नेहमीसारखा खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर ओढून पहिल्या ढिगाशी उभा राहिला. ज्योतीराम व्यापारी समोर आला. त्यानं दोन कांदे उचलले, दाबले, हुंगले, परत टाकले. आता त्यानं आपला हात भिमाजीच्या उपरण्याखाली घालायचा, एवढंच राहिलं होतं. ज्योतीरामनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"तोंडानं सांग की, भिमाजीराव," तो म्हणाला.

त्या काळी तिथं भाव तोंडानं ठरत नसे. अडत्याचा माणूस आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव करत. ह्याला हत्ता म्हणत. एक व्यापारी बोटं दाबून बाजूला झाला की दुसरा हात घाली. पहिल्यानं काय दाबलं ते दुसऱ्याला कळत नसे आणि शेतकऱ्याला तर काहीच कळत नसे. त्याला दिसे ते एवढंच, की कापडाखाली काहीतरी वळवळतंय. मग अडत्या भाव सांगे, शेतकरी मान हलवी आणि पोती भरायला लागत. हत्ता बंद करायचा कायदा झाला होता म्हणे. पण कायदा खेडच्या कचेरीत होता आणि बाजार चाकणला.

भिमाजी कुरुळीचा. मराठी चौथीत असताना त्याचा बाप तापानं गेला. आईनं, मंजुळाबाईनं, दुसऱ्यांच्या रानात खुरपून त्याला वाढवला आणि मिसरूड फुटल्यावर बबनरावांच्या गाळ्यावर पाठवला. बबनरावांची बोटं संधिवातानं आखडायला लागली होती. त्यांनी ह्याची लांबसडक बोटं बघितली आणि हत्ता शिकवला. दोन वर्षांत पोरगा असा तयार झाला, की व्यापारी म्हणत, ह्याच्या बोटांना तोंड फुटलंय. त्याच्या बोटांनी दाबलेला भाव कधी फिरला नाही. हा हात भिमाजी पैलवानानं खांदा जपावा तसा जपायचा. बाजार असो नसो, उजव्या हातावर उपरणं असायचंच. मंजुळाबाई म्हणायची, "जेवताना तरी काढ रं ते फडकं. भात काय हत्त्यानं खातोस व्हय?"

असा हात, आणि ज्योतीराम म्हणतो, तोंडानं सांग.

"तोंडानं काय भजन म्हणू?" भिमाजी म्हणाला. "हात घाल."

"घालतो की. पुढच्या बाजाराला."

शेजारचे दोघं-तिघं हसले. भिमाजी दुसऱ्या ढिगाशी गेला. तिथल्या व्यापाऱ्याला एकाएकी तंबाखू मळायची आठवण झाली. तिसऱ्यानं तर येतानाच वाट बदलली. शेवटी बबनराव गादीवरून कण्हत उठले, आपली आखडलेली बोटं घेऊन स्वतः हत्त्याला उभे राहिले आणि भिमाजीला म्हणाले, "तू घरी जा. चार बाजार येऊ नकोस. हाताला आराम दे."

"हाताला काय झालंय माझ्या?"

बबनरावांनी उपरण्याकडं बघितलं आणि एक पाऊल मागं सरकले. "ते तुलाच ठाऊक."

भिमाजी चाकण ते कुरुळी रागानं चालत आला. कुणावर रागवायचं तेच कळत नव्हतं, त्यामुळं राग जास्तच होता. घरी येऊन बघतो तर मंजुळाबाई उंबऱ्यात बसलेली, आणि तिच्यापुढं हिरवं लुगडं आणि नारळ. उन्हाळ्यात मोशीच्या कौशल्याबाईच्या इंदूशी त्याचा साखरपुडा झाला होता. ते लुगडं ह्यांनीच नेलं होतं. आता ते परत आलं होतं, घडीही न मोडता.

"मोशीवरनं माणूस आला हुता," मंजुळाबाई म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "म्हनला, पोराला म्हारोग हाय. हात झडलाय. आमच्या पोरीचं वाटोळं करू नका."

"कुणी सांगितलं?"

"चिमाजीनं. पिंपरीला तुजं चितर लावलंय म्हनं. त्यात दिसतंय."

चित्र! भिमाजी ते विसरूनही गेला होता.

वैशाखात पुण्याहून यशवंतराव नावाचे चित्रकलेचे मास्तर बाजारात आले होते. जाड चष्मा, छत्री आणि चित्र टेकवायची लाकडाची तिकाटणी. लागोपाठ तीन बाजार ते बबनरावांच्या गाळ्यासमोर बसले. भिमाजीला त्यांनी ढिगाशेजारी उभं केलं. बबनरावांना वाटलं, आपल्या गाळ्याचा मान वाढला. ते येता-जाता सांगायचे, "मास्तर, मागची पाटी तेवढी नीट काढा." मास्तरांनी पाटी काढलीच नाही. ते रंग दाबून, थापून लावायचे, बाई भिंतीला शेण थापते तसे. भिमाजीनं बघायला मागितलं, तर "ओलं आहे अजून" म्हणून त्यांनी चित्रावर फडकं टाकलं आणि तिसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गेले. संपलं.

ते चित्र आता पिंपरीला, औषधाच्या नव्या कारखान्याच्या वसाहतीत, गणपतीच्या मांडवातल्या प्रदर्शनात लागलं होतं. खाली चिठ्ठी होती: चाकणचा तरुण, भिमाजी. आणि त्याच कारखान्यात कौशल्याबाईचा धाकटा भाऊ चिमाजी कामाला होता. काम बाटल्या धुण्याचं. पण औषधाच्या कारखान्यात लागल्यापासून मोशीत तो अर्धा डॉक्टर झाला होता. त्याला जीभ दाखवल्याशिवाय गावात कुणी एरंडेल घेत नसे. दवाखान्याबाहेर महारोगाच्या लक्षणांचा एक तक्ता टांगलेला होता, तो चिमाजीला तोंडपाठ होता: अंगावर तांबूस चट्टे, भिवया झडणे, बोटं झडणे. चित्रात भिमाजीचं तोंड हिरवट होतं. गालावर आणि दंडावर तांबडे चट्टे होते. भिवया नव्हत्या. आणि उजवा हात मनगटापाशी फडक्यात संपत होता. चिमाजीनं तक्ता आणि चित्र ताडून बघितलं आणि त्याच संध्याकाळी बहिणीचं घर वाचवायला मोशीला धावत सुटला.

रविवारी सकाळी भिमाजी कुरुळीच्या चावडीवर गेला आणि उपरणं फेकून दोन्ही हात सगळ्यांपुढं धरले.

"बघा. मोजा बोटं. एक कमी असंल तर बोला."

माणसांनी बोटं बघितली. हात मात्र कुणी लावला नाही. आबाजी म्हणून एक म्हातारा होता, तो म्हणाला, "वरनं दिसत न्हाई रं पोरा. आतनं असतं ते."

"मग चित्रात कसं दिसलं?"

"चित्रकाराची नजर असती बाबा. त्यास्नी आतलं दिसतं."

"आतलं दिसतं तर मग माझा राग का न्हाई दिसला त्यास्नी?"

"तवा कुठं राग आला हुता तुला?" आबाजी म्हणाला, आणि चावडी हसली. भिमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मापासून ज्यांच्या पुढ्यात वाढलो, त्यांचा आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही, आणि कुणा पुण्याच्या मास्तरानं रंगात बोट बुडवलं तर तेवढं खरं!

सोमवारी तो खेडला सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याच्या हाताला, गालाला टाचणी टोचून बघितली. डोळे मिटायला सांगून पिसानं दंडाला शिवले आणि कुठं लागलं ते विचारलं. सगळीकडं लागत होतं. डॉक्टर हसले. "काही नाही तुला. आणि रोग असता तरी त्यावर आता औषध निघालंय. माणूस टाकून द्यायचं कारण राहिलेलं नाही. हे सांग तुझ्या गावात." आणि त्यांनी तसा कागद लिहून दिला, शिक्का मारून.

भिमाजीनं तो कागद मंगळवारी चाकणला बबनरावांना दाखवला. बबनरावांनी तो हातात न घेता लांबूनच वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "काही नाही म्हणतोस, मग कागद कशाला काढला? माझ्याकडं आहे का असला कागद? ज्योतीरामकडं आहे?"

भिमाजीनं कागदाची घडी घातली आणि खिशात कोंबली. दोन रात्री त्याला झोप नव्हती. गुरुवारी सकाळी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडून तो मोशीला कौशल्याबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

कौशल्याबाई अंगणात कांदा निवडत बसली होती. नवरा गेल्यापासून दहा वर्षं शेत तीच बघत होती. गडी होता, पण औताचा कासरा धरायला ती मागंपुढं बघायची नाही. तिनं मान वर केली. ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"मामी, तुमी मला न विचारता लुगडं परत केलं," भिमाजी म्हणाला. "म्या काय चोरी केली?"

"हात झाकूनच आलास व्हय?"

भिमाजीनं खाली बघितलं. उजवा हात उपरण्यात होता. सायकल टेकवली तेव्हा तो आपोआपच तिथं गेला होता. त्यानं झटक्यानं हात बाहेर काढला.

दाराआडून इंदूचा आवाज आला. "आई, आपून तरी चितर बघितलंय का? मामा म्हनला, आन आपून लुगडं दिलं."

"तू गप बस," कौशल्याबाई म्हणाली. पण हातातला कांदा तिनं टोपलीत आपटला. "खरंच की. सारी मोशी बघून आली. माज्याच पोरीचं लगीन मोडलं, आन मलाच कुणी न्हेलं न्हाई. गड्या, गाडी जुंप!"

गाडी पुढं आणि भिमाजीची सायकल मागं, असे ते पिंपरीला गेले. वाटेत कौशल्याबाई एकदाही मागं वळली नाही.

वसाहतीचा मांडव पत्र्याचा होता. एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला दोरीला टांगलेली चित्रं. दुपारच्या पाळीचे कामगार आत शिरले होते, त्यात चिमाजीही होता. भिमाजीच्या चित्रापुढं पुण्याचे एक प्राध्यापक हातवारे करत बोलत होते. "ह्या चेहऱ्याकडं पाहा. ह्यात पराभव आहे. ह्या डोळ्यांत पिढ्यान् पिढ्यांची भूक आहे."

"त्या दिवशी जेवलो नव्हतो," मागून भिमाजी म्हणाला. "मास्तरांनी उठूच दिलं न्हाई."

सगळे वळले. यशवंतराव मास्तर प्राध्यापकांच्या शेजारीच उभे होते. भिमाजीला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे, आलास तू? ये, ये! कसं झालंय बघ!"

त्या आनंदानं भिमाजीचं उरलंसुरलं डोकं फिरलं. "मास्तर, तुमी माझा सत्यानाश केला आन वर मला विचारता, कसं झालंय? माझ्या भिवया कुठायत?"

मास्तरांना काही कळेना. मग चिमाजी पुढं झाला. बहीण समोर उभी, कामावरची माणसं भोवती. त्यानं घसा साफ केला आणि तक्ता म्हणून दाखवला: चट्टे, भिवया, बोटं. एकेक म्हणताना चित्रावरची जागा दाखवली. कामगारांतली दोन-तीन माणसं भिमाजीपासून लांब झाली. मास्तर पांढरे पडले.

"अहो, हे चट्टे नाहीत," ते म्हणाले. "हा रंग आहे."

"कशाचा रंग?" भिमाजी ओरडला. "माझ्या गालावर तांबडा रंग कुठनं आला?"

"कुठून ते मला माहीत नाही. मला तिथं तो दिसला."

भिमाजी चित्राच्या अगदी जवळ गेला. फाडणार, असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्याच्याही मनात तेच होतं. जवळून तर त्यात माणूसच नव्हता. नुसते रंगाचे पट्टे, एकावर एक चढवलेले. तो मागं सरला, दोन पावलं, चार पावलं. तेव्हा कुठं तो स्वतःला दिसायला लागला. आणि स्वतःबरोबर ती दुपारही दिसायला लागली. वैशाखातलं ऊन. डाव्या बाजूला छातीइतका उंच लाल कांद्याचा ढीग. त्या ढिगावर ऊन पडलं, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं अंग तांबडं दिसतं. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर शहाणा व्यापारी कांदा उन्हात पारखत नाही, सावलीत नेऊन बघतो. आणि डोक्यावर बबनरावांची हिरवी ताडपत्री.

"पाव्हणं, हिकडं या," तो चिमाजीला म्हणाला. आवाज अजून रागाचाच होता, पण आता रागाला धरायला जागा सापडली होती. "चट्टे कुठल्या अंगाला हायत? सांगा."

"डाव्या."

"उजव्या गालावर हाय एक तरी? न्हाई. कारण ढीग डावीकडं हुता. ह्यो कांद्याचा तांबडा हाय. आन हिरवं तोंड ताडपत्रीचं. तुमी कांदेवाल्याच्या घरचं ना? जल्म कांद्यात गेला, आन ढिगापाशी बसलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते कधी बघितलं न्हाई? आपल्या बहिणीचं तोंडसुदिक न्हाई बघितलं?"

चिमाजीनं चित्राकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. मागचा एक कामगार म्हणाला, "बरोबर हाय रं. आमच्याकडं मिरचीच्या खळ्यावर असंच दिसतं."

"आणि भिवया?" चिमाजी चिवटपणानं म्हणाला.

आता सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "भिवया... त्या दिवशी धूळ फार होती. त्याच्या भिवया कपाळाच्या रंगाच्याच झाल्या होत्या. मला वेगळ्या दिसल्या नाहीत."

"मग पुसून घे म्हणायचं हुतं की!" भिमाजी म्हणाला. "तुमच्या एका शब्दानं माझं लगीन वाचलं असतं."

लोक हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनाही आता राग आला होता. "आणि हात? हाताचं खापर माझ्यावर फोडू नकोस. तीन शनिवार मी तुला सांगत होतो, हात बाहेर काढ. तू काय म्हणालास? धंद्याचा हात आहे मास्तर, तो उघडा पडत नाही. मग मी काय काढू? कापड दिसलं, कापड काढलं."

हे खरं होतं. भिमाजीला ते शब्द आठवले. म्हणताना ऐटीत म्हटले होते, तेही आठवलं.

कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून चित्रापुढं उभी होती.

"चितर खोटं न्हाई," ती म्हणाली.

"मामी!"

"खोटं न्हाई म्हनते मी. तू असाच हुबा असतोस. मी धा वर्सं बाजारात येतेय. आदी म्हातारा बबन, मग तू. माजा कांदा उघड्यावर, आन तुमचा हात फडक्यात. मी त्या फडक्याकडं बघत बसायची. आत काय शिजतंय कळायचं न्हाई. ह्या मास्तरालाबी कळलं न्हाई, त्यानं नुस्तं फडकं काढलं." तिनं बोट भिमाजीकडं वळवलं. "आन तुला कशाचा राग येतोय? लोकांनी तुजा हात न बघता मनाला यील ते धरलं, म्हून? आमी दर शनवारी दुसरं काय करत हुतो?"

भिमाजीला उत्तर द्यायचं होतं. माझी बोटं कधी खोटं बोलली नाहीत, हे त्याचं नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. पण त्याच वेळी त्याला गेल्या साली आलेला कौशल्याबाईचा कांदा आठवला. ज्योतीरामनं उपरण्याखाली एक भाव दाबला होता आणि बबनरावांनी वर तोंडानं त्याहून कमी सांगितला होता. मधला पैसा दोघांनी वाटून घेतला. बोटं खरी होती. तोंड मात्र त्यानं उघडलं नव्हतं. तो आपल्या पायांकडं बघत उभा राहिला होता, आणि असा तो कैकदा उभा राहिला होता.

आता गप्प बसला असता तर लग्न जुळलं असतं. चट्टे गेले होते, भिवयाही जवळजवळ उगवल्या होत्या.

"मामी, गेल्या साली तुमच्या कांद्याला जास्ती दाबला हुता," तो म्हणाला. "तुमाला कमी सांगितला. मला ठावं हुतं. म्या बोललो न्हाई."

"बघ!" चिमाजी ओरडला. "म्हनलं न्हवतं मी, ह्येला रोग हाय म्हून!"

"तू गप," कौशल्याबाई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ह्या वेळी तिथं कांद्याचा ढीग नव्हता. ती भिमाजीपुढं येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हात आण."

भिमाजीनं हात पुढं केला. तिनं तो धरला, निवडताना कांदा धरावा तसा, उलटा-पालटा केला, एकेक बोट दाबून बघितलं. डॉक्टरांची टाचणी आणि पीस सोडलं, तर सहा दिवसांत त्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला तो हा पहिला. भिमाजीचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्याला रागच आला.

"सांग आता. कुठलं बोट म्हंजे काय?"

हत्त्याची खूण शेतकऱ्याला सांगायची नाही, ही बबनरावांनी शिकवलेली पहिली गोष्ट. भिमाजीनं ती भर मांडवात, मोठ्यानं सांगितली. एक बोट धरलं म्हणजे काय, सगळी मूठ धरली म्हणजे काय, तळव्यावर नख ओढलं म्हणजे काय. कौशल्याबाईनं प्रत्येक खूण त्याच्याच हातावर दाबून बघितली. कामगारांतले जे गावाकडं कांदा, बटाटा पिकवणारे होते, ते मान पुढं काढून बघत होते. प्राध्यापकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकायला तयार नव्हतं.

"हितंच तर हुतं समदं," कौशल्याबाई म्हणाली. "येवढ्याला फडकं." मग ती भावाकडं वळली. "चिमा, धर ह्येचा हात."

"अगं आक्का, पण..."

"धर म्हनते. बाटल्या धुतोस तू, डाक्टर न्हाईस."

चिमाजीनं दोन बोटांनी, तापलेलं पातेलं धरावं तसा हात धरला. ती बघत राहिली तेव्हा त्यानं तो नीट धरला.

"आन लुगडं?" भिमाजीनं विचारलं.

"लुगड्याचं शनवारी. मी कांदा घिऊन येते. तुजा हात कुठं असतो ते बघते, मग बोलू."

शनिवारी चाकणच्या बाजारात बातमी कांद्याच्या गाड्यांच्या आधी पोचली होती. बबनरावांनी भिमाजीला बघून मान डोलवली. मागच्या बाजाराला स्वतः हत्ता करून त्यांची बोटं सुजली होती. भिमाजी न विचारता कौशल्याबाईच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. ढिगामागं ती उकिडवी बसली होती. ज्योतीराम हसत आला.

"काय राव, गैरसमज झाला. मनात ठेवू नकोस. आण हात."

भिमाजीनं उपरणं उजव्या हातावरून उचललं आणि डाव्या खांद्यावर टाकलं.

"तोंडानं सांग," तो म्हणाला.

ज्योतीराम हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं, की ही थट्टा नव्हे. त्यानं बबनरावांकडं बघितलं. बबनराव गादीवरून ओरडले, "भिमा, डोकं फिरलं काय तुझं? हात झाक!"

"मागच्या बाजाराला ह्योच म्हणला, तोंडानं सांग. आता ह्यानं सांगावं. मोठ्यानं."

भोवतीचे शेतकरी उठून उभे राहिले. ज्योतीरामनं इकडंतिकडं बघितलं आणि भाव पुटपुटला. "ऐकू आलं न्हाई," कौशल्याबाई म्हणाली. त्यानं परत सांगितला. दहा वर्षांत आपल्या कांद्याचा भाव तिनं घेणाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि तो ऐकला म्हणूनच पलीकडचा एक व्यापारी, ज्याला एरवी काहीच कळलं नसतं, तो वाढवून बोलला. ज्योतीरामला चढावं लागलं. मागच्या ढिगावरचा माणूस ओरडला, "आता माजा!" आणि त्याच्या मागचाही ओरडला.

बबनराव गादीवरून खाली आले. "माझ्या गाळ्यावर हे चालायचं नाही. ते उपरणं मी दिलंय तुला दसऱ्याला. ते ठेव आणि चालता हो."

भिमाजीनं उपरण्याची घडी केली, नीट केली, आणि तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवली. दोन्ही हात मोकळे सोडून तो निघाला. पुढं काय खायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. अंगात राग मात्र भरपूर होता, आणि तो किती दिवस पुरेल ह्याचा अंदाज येत नव्हता.

"कुठं निघालास?" मागून कौशल्याबाई ओरडली. "पोती कोन उचलनार? गडी येकटाच हाय. आन उद्या आईला घिऊन ये, लुगडं इसरू नगंस."

भिमाजी परत फिरला. त्यानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं, व्यापाऱ्याच्या गाडीत टाकलं. दुसरं टाकलं. कांद्याची धूळ उडाली आणि घामाबरोबर कपाळावर बसली. चौथ्या पोत्यानंतर तो थांबला, आपल्या दोन्ही भिवया उजव्या तळहातानं खसाखसा पुसल्या आणि पुण्याच्या दिशेनं एक सणसणीत शिवी हासडली.

मग त्यानं पाचवं पोतं उचललं.